ॲपलने मधल्या किमतीचा, उघडता येणारा डेस्कटॉप काढावाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवीन कॉम्प्युटर घेताना काय बघायचं यावर तुमच्या पेपरात अधूनमधून लेख येतात, मी ते आवर्जून वाचते, आणि दरवेळी त्यात एक वाक्य असतंच की मेमरी आणि स्टोरेज आत्ताच जास्तीचं घेऊन ठेवा, नंतर वाढवता येणार नाही. हे वाक्य आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकीचं आहे असं कुणाला वाटतही नाही. मला वाटतं. नंतर का वाढवता येणार नाही? डेस्कटॉप आहे तो, टेबलावर एका जागी बसणारा, रोज बॅगेत कोंबून न्यायचा नाहीये, मग त्याचं झाकण उघडून आत मेमरीची एक पट्टी बसवता येऊ नये असं त्यात काय आहे?

हे पत्र मुख्यतः ॲपलबद्दल आहे, कारण डेल, एचपी, लेनोवो यांच्याकडे मधल्या किमतीचा टॉवर, म्हणजे उभ्या पेटीतला कॉम्प्युटर, अजून मिळतो, त्यातही खोडी आहेत, कुणाचा पॉवर सप्लाय वेगळ्याच आकाराचा तर कुणाचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, दुसऱ्या पेटीत न बसणारा, पण निदान झाकण उघडलं की आत हात घालायला जागा असते. ॲपलकडे ही जागा गेली कित्येक वर्षं रिकामी आहे आणि ती रिकामी ठेवायला जी कारणं दिली जातात त्यातलं एक सोडलं तर बाकीची मला पटत नाहीत. ते एक कारण कुठलं ते पुढे सांगते.

आधी चित्र काय आहे ते बघा. २०२४ साली आलेला मॅक मिनी ५९९ डॉलरपासून सुरू झाला, एम४ चिप, १६ जीबी मेमरी, २५६ जीबी स्टोरेज, आणि या किमतीत एवढा वेगवान आणि एवढा शांत डेस्कटॉप क्वचितच मिळतो, ते मी मनापासून मान्य करते. पण आत एकही स्लॉट, म्हणजे जास्तीचं कार्ड बसवायची खाच, नाही. त्यानंतर २०२५ चा मॅक स्टुडिओ, १९९९ डॉलरपासून, चिप जबरदस्त, पण आत स्लॉट नाहीच. आणि मग एकदम उडी मारून २०२३ चा मॅक प्रो, ६९९९ डॉलरपासून, ज्यात पीसीआय एक्सप्रेस या वेगवान जोडणीचे सहा स्लॉट मोकळे मिळत होते. म्हणजे एक साधं कार्ड बसवायचं असेल तर सात हजार डॉलर मोजायचे, नसेल बसवायचं तर दोन हजारात यायचं, आणि या दोन्हीच्या मधे स्लॉटवालं काहीच नव्हतं. त्यातही सगळ्यात बोलका आकडा असा की २०२३ साली तीच एम२ अल्ट्रा चिप, तीच ६४ जीबी मेमरी आणि तेच १ टीबी स्टोरेज मॅक स्टुडिओत ३९९९ डॉलरला मिळत होतं आणि मॅक प्रोमध्ये ६९९९ ला. चिप सारखी, मेमरी सारखी, स्टोरेज सारखं, वरचे तीन हजार डॉलर मोठी पेटी, मोठा पॉवर सप्लाय, थोडे जास्तीचे पोर्ट आणि ते स्लॉट यांचे. तेवढ्या पैशात अख्खे पाच मॅक मिनी येतात.

बरं, ॲपलला हे जमत नाही असंही नाही, ही कंपनी उभी राहिली तीच उघडता येणाऱ्या मशीनवर. १९७७ च्या ॲपल टू मध्ये आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्जला दोनच पुरेसे वाटत होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला, पण कंपनीचा दुसरा संस्थापक आणि त्या मशीनचा कर्ता स्टीव्ह वॉझ्नियाक अडून बसला आणि आठ ठेवूनच थांबला, आणि पुढे लोकांनी त्या आठ स्लॉटमध्ये डिस्क कंट्रोलर, जास्तीची मेमरी, ऐंशी अक्षरी ओळ दाखवणारी कार्डं, अगदी वेगळ्या प्रोसेसरची कार्डंसुद्धा घातली, ज्यांचा मशीन बनवताना कुणी पूर्ण विचारही केला नव्हता. त्यामुळे ते मशीन इतकी वर्षं बाजारात टिकलं. याच्या उलट १९८४ चा पहिला मॅकिन्टॉश, १२८ केबी मेमरी, २४९५ डॉलर, आणि उघडायचा तर लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागायचा जो सहसा कुणाकडे नसायचा. त्याच वर्षी सप्टेंबरात ५१२ केबीचा मॅक आणावा लागला कारण १२८ मध्ये काम भागत नव्हतं. आणि १९८७ मध्ये मॅकिन्टॉश टू आला तेव्हा त्यात सहा स्लॉट होते. म्हणजे बंद मशीन काढायचं, मग ते अपुरं पडतंय म्हणून उघडं काढायचं, हे ॲपलने स्वतःच एकदा करून बघितलंय.

पण माझ्या डोळ्यासमोर जे मशीन आहे ते जानेवारी १९९९ मधलं, निळा-पांढरा पॉवर मॅक जी३. हे मशीन ज्यांनी उघडलंय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. बाजूला वरच्या अंगाला एक कडी होती, ती बोटाने ओढली की ती अख्खी बाजू दारासारखी खाली यायची आणि टेबलावर आडवी व्हायची, आणि मदरबोर्ड त्या दाराच्याच आतल्या अंगाला बसवलेला असल्यामुळे मेमरीचे चार स्लॉट, कार्डांचे चार स्लॉट, प्रोसेसर, सगळं समोर ताटात वाढल्यासारखं दिसायचं. डिस्क मागे पेटीतच राहायच्या, त्यांच्या पट्टीसारख्या चपट्या केबल दारापर्यंत पोचतील एवढ्या लांब ठेवलेल्या होत्या. एकही स्क्रू न काढता. मेमरीची पट्टी दाबून बसवायची, दोन्ही बाजूचे खटके खट्ट करून वर यायचे, दार लावायचं, झालं. कॉम्प्युटरच्या आत कधी डोकावलंही नाही अशा माणसालासुद्धा हे जमेल असा तो बनवला होता. किंमत १५९९ डॉलरपासून. महागाई धरून हिशोब केला तरी आजचे तीन हजारांच्या थोडे वरच होतात ते.

आणि यानंतरची गोष्ट तर ॲपलच्याच तोंडची आहे. २००० साली त्यांनी जी४ क्यूब काढला, दिसायला अप्रतिम, आत पीसीआय स्लॉट नाहीत, १७९९ डॉलर. त्याच वेळी १५९९ चा पॉवर मॅक जी४ टॉवर दुकानात होता. लोकांनी टॉवर घेतला. वर्षभरात, जुलै २००१ मध्ये, क्यूब थांबवला आणि कंपनीने जाहीरच केलं की ज्यांनी क्यूब घेतला ते त्यावर खूश आहेत पण बहुतेकांनी टॉवरच पसंत केला. समोरासमोर दोन्ही ठेवले तेव्हा गिऱ्हाइकाने काय निवडलं याचा इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो. तरी त्यानंतर टॉवरची किंमत वर वर जात राहिली, २००३ च्या जी५ ला १९९९ डॉलर, २००६ च्या मॅक प्रोला २४९९, २०१३ च्या त्या नळकांड्यासारख्या काळ्या मॅक प्रोला २९९९ आणि त्यात तर आतले स्लॉटच काढून टाकले होते, २०१९ ला ५९९९ आणि २०२३ ला ६९९९. पेटी तीच कामं करते, फक्त ती घेऊ शकणारी माणसं दर पायरीला कमी होत गेली.

त्या २०१३ च्या मॅक प्रोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलच्या वरिष्ठ लोकांनी पत्रकारांना बोलावून स्वतः मान्य केलं की त्या रचनेमुळे ते उष्णतेच्या बाबतीत एका कोपऱ्यात अडकले, एक मोठं ग्राफिक्स कार्ड थंड ठेवण्याइतकी सोय त्यात नव्हती, त्यामुळे मशीन वेळेवर सुधारताच आलं नाही. म्हणजे मशीन बंद ठेवल्याने ते फक्त गिऱ्हाइकालाच बदलता येत नाही असं नाही, कधीकधी बनवणाऱ्यालाही येत नाही. एवढी मोठी कंपनी असं उघड बोलली याचा मला आदर वाटतो, पण त्यावरचा उपाय म्हणून जे आलं ते सहा हजार डॉलरचं आलं आणि माझ्यासारखी माणसं होती तिथेच राहिली.

माझ्यासारखी म्हणजे कशी तेही सांगते. माझं काम आवाजाचं आहे, रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग. या कामात उद्या काय लागेल ते आज सांगता येत नाही. सुरुवातीला दोन माणसांच्या मुलाखती एडिट करायच्या असतात, त्याला कुठलंही मशीन चालतं. मग कुणीतरी पूर्ण बँड घेऊन येतं, एकाच वेळी चोवीस ट्रॅक. मग एखाद्या संगीतकाराबरोबर काम सुरू होतं आणि त्याच्या वाद्यमेळाच्या सॅम्पल लायब्ररीच शेकडो जीबी खातात. दर टप्प्याला वेगळी गोष्ट कमी पडते, कधी मेमरी, कधी डिस्क, कधी आवाज प्रोसेस करणारं खास कार्ड. आणि पैसा कधी येतो? काम आल्यावर. पण आत्ताच्या पद्धतीत खर्च करायचा कधी? काम यायच्या आधी, खरेदीच्या दिवशी, पुढच्या सात-आठ वर्षांत आपलं कसं होणार याचा अंदाज बांधून. लहान मुलांना आपण वाढत्या अंगाचे कपडे घेतो कारण कापड काही वाढत नाही, पण डेस्कटॉप तर वाढू शकतो, ती त्याची खरी ताकद आहे, मग तो पहिल्याच दिवशी ढगळ का घ्यायचा? फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, आर्किटेक्ट, प्रोग्रामर, कुणालाही विचारा, गाडी इथेच येऊन अडते.

आणि हा अंदाज महाग पडतो. त्याच ५९९ च्या मॅक मिनीत मेमरी १६ ची २४ जीबी करायला २०० डॉलर जास्त लागायचे, ३२ करायला ४००. स्टोरेज २५६ चं ५१२ करायला २००, १ टीबीला ४००, २ टीबीला ८००. म्हणजे ३२ जीबी आणि १ टीबी घेतलं की ५९९ चं मशीन १३९९ ला पडायचं, अर्ध्याहून जास्त पैसे वाढीव मालाचे. २ टीबीची चांगल्या कंपनीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान फ्लॅश प्रकारची डिस्क बाहेर याच्या कितीतरी कमी पैशात मिळते हे कुणीही ऑनलाइन शोधून बघावं. आता कंपनीने नफा कमवू नये असं मी म्हणत नाही, पण दुसरीकडून घ्यायची वाटच बंद करून मग भाव लावणं हे मला बरोबर वाटत नाही, आणि ज्या कंपनीचं २०२४ च्या आर्थिक वर्षातलं एकूण उत्पन्न ३९१ अब्ज डॉलर आणि त्यातला मॅकचा वाटा साधारण ३० अब्ज, तिचं मोठेपण या पट्ट्यांच्या नफ्यावर नक्कीच उभं नाही.

आता ते एक कारण जे मला पटतं. मेमरी. ॲपलच्या आताच्या चिपमध्ये मेमरी प्रोसेसरच्या अगदी शेजारी, त्याच पॅकेजवर बसवलेली असते आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघं तीच वापरतात. याचा फायदा खरा आहे. साध्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर५-५६०० प्रकारच्या मेमरीच्या दोन पट्ट्या लावल्या की सेकंदाला साधारण ९० जीबी डेटा जाऊ-येऊ शकतो, एम४ मध्ये हा आकडा १२० आहे, एम४ प्रो मध्ये २७३, एम४ मॅक्स मध्ये ५४६ पर्यंत आणि एम३ अल्ट्रा मध्ये ८१९. हे आकडे मिळवायचे तर वाट अतिशय छोटी आणि रुंद लागते, मधे सॉकेट आलं की सिग्नल बिघडतो. काढता येणारी नवी पट्टी येतेय, सीएएमएम२ नावाचं तिचं प्रमाण मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, स्क्रूने चपटी बसणारी, आणि तिचा लॅपटॉपमधला प्रकार काही मशीनमध्ये आलाही, पण एम४ प्रो आणि त्यावरच्या चिपच्या वेगाला ती अजून पोचलेली नाही. फ्रेमवर्क ही कंपनी तर दुरुस्त करता येणारे, उघडता येणारे कॉम्प्युटर बनवण्यासाठीच ओळखली जाते, तिने २०२५ मध्ये डेस्कटॉप काढला तेव्हा त्यांनाही मेमरी सोल्डरच करावी, म्हणजे बोर्डावर कायमची डाखून टाकावी लागली, चिप बनवणाऱ्या एएमडीबरोबर पर्याय तपासून बघितला पण वेग टिकेना असं त्यांनी मोकळेपणी सांगितलं. तेव्हा मेमरीसाठी मी भांडणार नाही. ती पहिल्या दिवशी ठरवावी लागेल, ठीक आहे, फक्त भाव माणसासारखा ठेवा.

पण त्या फ्रेमवर्कच्या डेस्कटॉपमध्ये बाकी काय आहे ते बघा, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. २०२५ मध्ये सुरुवातीची किंमत १०९९ डॉलर होती. मेमरी सोल्डर केलेली, आणि तरी मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स या ठरलेल्या मापाचा, म्हणजे तो काढून ते माप चालणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही पेटीत बसतो, साध्या एम.२ डिस्कसाठी, म्हणजे बोर्डावर आडव्या बसणाऱ्या छोट्या डिस्कसाठी, दोन जागा, वर एक पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. एका गोष्टीत तांत्रिक अडचण आली म्हणून त्यांनी बाकीच्या सगळ्या गोष्टी बंद केल्या नाहीत. ॲपलच्या बाबतीत नेमकं हेच होतंय, मेमरीचं खरं कारण पुढे करून स्टोरेज आणि स्लॉटही त्याच गाठोड्यात बांधले जातात.

स्टोरेजचं बघा. २०२४ च्या मॅक मिनीत स्टोरेज सोल्डर केलेलं नाहीये, आत एक छोटं कार्ड आहे, स्क्रूने बसवलेलं, काढता येतं. दिसायला साध्या एम.२ डिस्कचं भावंड वाटावं असं, पण त्यावर नुसत्या फ्लॅश चिप असतात, त्यांना चालवणारा कंट्रोलर मुख्य प्रोसेसरच्या आत आहे, म्हणून बाजारातली साधी डिस्क तिथे चालत नाही. आणि जुळणारं कार्ड मिळवून बसवलं तरी मशीन दुसऱ्या मॅकला जोडून नव्याने रिस्टोअर करावं लागतं. ठीक आहे, सुरक्षिततेसाठी, एन्क्रिप्शनसाठी सिस्टिमची डिस्क तशी ठेवायची असेल तर ठेवा. पण तिच्या शेजारी डेटासाठी एक-दोन साध्या एम.२ जागा ठेवायला कोणाची हरकत आहे? मॅकओएस या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमला साध्या एनव्हीएमई डिस्क चालतात, मॅक प्रोच्या स्लॉटमध्ये कार्डावर बसवून लोक त्या रोज वापरतात, बाहेरच्या डब्यात घालून थंडरबोल्ट या वेगवान केबलने जोडूनही वापरतात. म्हणजे सॉफ्टवेअर तयार आहे, हार्डवेअर तयार आहे, फक्त पेटीत खाच नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की बाहेरून जोडा, थंडरबोल्ट आहे ना. आहे, आणि ते चांगलं आहे, थंडरबोल्ट ५ तर ८० गिगाबिटने चालतं. पण त्यातून कार्डासाठी जो मार्ग मिळतो तो पीसीआय एक्सप्रेस ४ च्या चार लेनचा, म्हणजे डेटाच्या चार समांतर वाटांचा, आणि पेटीतला पूर्ण लांबीचा स्लॉट सोळा लेनचा. चौथा हिस्सा. शिवाय प्रत्येक डब्याला वेगळा पॉवर सप्लाय, वेगळा पंखा, वेगळी केबल, आणि कार्ड घालायचा डबाच कार्डाइतका महाग. माझ्या कामात तर पंख्याचा आवाज हा मोठाच प्रश्न आहे, मशीन शांत आणि त्याच्या बाजूचा डबा घरघर करतोय, माइक उघडा. एखादी केबल चालू रेकॉर्डिंगमध्ये ढिली झाली तर त्या गायकाचा तो टेक परत मिळत नाही. १२.७ सेंटीमीटरचा देखणा मिनी घ्यायचा आणि त्याच्याभोवती डब्यांचा आणि वायरींचा पसारा मांडायचा, यापेक्षा सगळं एका पेटीत असलेलं बरं, एक मोठा हळू फिरणारा पंखा सगळ्यांना पुरतो.

स्लॉटमध्ये आता घालणार काय, ॲपलच्या चिपवर बाहेरचं ग्राफिक्स कार्ड तर चालतच नाही, असंही विचारतात. बरोबर आहे, २०२३ च्या मॅक प्रोतही चालत नाही, आणि मी तेही मागत नाहीये. पण आवाज प्रोसेस करणारी डीएसपी कार्डं आहेत, व्यावसायिक कॅमेऱ्याचा व्हिडिओ आत घेणारी एसडीआय कॅप्चर कार्डं आहेत, वेगवान नेटवर्क कार्डं आहेत, चार-चार डिस्क एकत्र बसवायची कार्डं आहेत, ही सगळी चालतात. ही कामं करणारे सगळे काही मोठ्या स्टुडिओवाले नसतात. दोन खोल्यांत काम करणारी, भाड्याने जागा घेऊन काम करणारी माणसं आहेत, कॉलेजचे मीडिया विभाग आहेत, छोटी वृत्तवाहिनी आहे. त्यांना चोवीस कोअर आणि सहा स्लॉट नकोयत, दोन पुरे.

असे लोक आहेत किती, हा मुद्दा राहतो, आणि तो हलका नाही. २०१७ च्या त्याच भेटीत ॲपलने सांगितलं होतं की मॅक घेणाऱ्यांत साधारण ८० टक्के लॅपटॉप घेतात, २० टक्के डेस्कटॉप, आणि मॅक प्रोचा वाटा एक आकडी टक्केवारीत. पण सगळ्यात महाग मशीन घेणारे कमी आहेत यावरून मधलं मशीन घेणारे कमी असतील असा निष्कर्ष काढायचा कसा? जी वस्तू विकायलाच ठेवली नाही तिची मागणी विक्रीच्या आकड्यात कुठून दिसणार. मागणी दुसरीकडे दिसत होती. ॲपल इंटेलच्या चिपवर आली तेव्हापासून लोक साध्या पीसीच्या भागांवर मॅकओएस चालवत होते, हॅकिन्टॉश म्हणायचे त्याला, रात्र रात्र जागून, प्रत्येक अपडेटला काय बंद पडेल या धास्तीत, आणि ही काही फुकट्या लोकांची हौस नव्हती, त्यातल्या कितीतरी जणांकडे ॲपलचा लॅपटॉप आणि फोन होताच. त्यांना त्याच कंपनीचं एक उघडता येणारं डेस्कटॉप हवं होतं. सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये अशी मशीन बनवून विकायला सुरुवात केली, ॲपल कोर्टात गेली आणि २००९ मध्ये जिंकली. कायद्याने ते योग्यच असेल. पण दुसऱ्याने विकायचं नाही आणि स्वतःही विकायचं नाही, मग गिऱ्हाइकाने करायचं काय? आणि आता तर टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस आहे असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय, म्हणजे ती आडवाटही संपली.

स्वस्त टॉवर आला तर महागड्या मॅकची विक्री खाईल असंही म्हणतात. थोडी खाईल. पण विक्री ॲपलचीच राहील, आणि जो माणूस सात हजार परवडले नाहीत म्हणून जुनंच मशीन ओढतोय किंवा विंडोजकडे गेलाय तो परत येईल. परत आलेला माणूस नुसतं मशीन घेत नाही, सॉफ्टवेअर घेतो, स्क्रीन घेतो, आणि त्याच्या हाताखाली शिकणारी मुलंही तेच शिकतात.

शिवाय आयुष्याचा प्रश्न आहे, मशीनच्या. उघडता येणारं मशीन मालक बदलत बदलत जगतं. पहिला मालक त्यावर मोठं काम करतो, मग ते नात्यातल्या कुणा विद्यार्थ्याकडे जातं, तो डिस्क वाढवतो, मग कुठल्याशा संस्थेत हिशोबाला बसतं. बंद मशीनची डिस्क भरली की ते कामाचं राहत नाही, प्रोसेसर ठणठणीत असतो तरी. युनायटेड नेशन्सच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद होऊन नीट रिसायकल झाला. ॲपल रिसायकल केलेलं ॲल्युमिनियम वापरते, पर्यावरणाबद्दल बोलते, आणि ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण धातू वितळवून पुन्हा मशीन बनवण्यापेक्षा आहे ते मशीन आणखी चार वर्षं चाललं तर किती सोपं, आणि त्याला फक्त एक झाकण लागतं.

मला नेमकं काय हवं ते लिहून संपवते. एम४ प्रोच्या तोडीची चिप. मेमरी सोल्डर केलेली चालेल. पीसीआय एक्सप्रेसचे दोन स्लॉट, एम.२ च्या दोन जागा, हाताने उघडणारं एक दार, सगळ्याला पुरेल असा पॉवर सप्लाय आणि एक मोठा शांत पंखा. किंमत १९९९ डॉलर. २०२४ साली एम४ प्रोचा मॅक मिनी १३९९ पासून मिळायला लागला, म्हणजे पेटी, सप्लाय आणि स्लॉट यांना वर सहाशे डॉलर धरलेत, आणि तेवढ्यात सगळं बसायला हरकत नाही. नवीन चिप लागत नाही, नवीन मॅकओएस लागत नाही. ॲपलच्या वेबसाइटवर प्रत्येक मॅकसाठी सूचना पाठवायचा फॉर्म आहे, मी त्यात हेच लिहिलंय, आणि तुमच्या वाचकांपैकी ज्यांना असं मशीन हवंय त्यांनी मॅक प्रोच्या नाही तर मॅक मिनीच्या फॉर्ममध्ये लिहावं, म्हणजे मागणी कुठल्या किमतीच्या बाजूने येतेय ते वाचणाऱ्याला कळेल.

आपली,
एक नियमित वाचक